मुहम्मद अली की जॉर्ज फोरमन, सरस बॉक्सर कोण : जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या बॉक्सरांविरुद्धच्या लढतींवरून ठरवता येईल का?

नुसत्या निकालांवरून नाही. फोरमनने जानेवारी १९७३ मध्ये फ्रेझरला सहा वेळा खाली पाडून दुसऱ्याच फेरीत संपवलं. मार्च १९७४ मध्ये नॉर्टनलाही त्याने दुसऱ्याच फेरीत संपवलं. अलीला मात्र दोघांनी एकेकदा हरवलं होतं, नॉर्टनने तर जबडाच मोडला. कागदावर फोरमन कितीतरी पुढे. तरीही ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अलीने त्याला आठव्या फेरीत नॉकआउट केलं! फरक शैलीचा. फ्रेझर वाकून सरळ आत घुसायचा, म्हणजे फोरमनच्या अपरकटच्या (खालून वर मारलेल्या ठोशाच्या) आयताच तोंडी. अली रिंगच्या दोरांना टेकून ठोसे हातांवर झेलत राहिला आणि फोरमन दमला. त्यामुळे निकालाआधी लढतीची तारीख, कितवी फेरी आणि प्रतिस्पर्धी पुढे येणारा की मागे सरणारा, हे बघा.