जुन्या पिकअपचा गंजलेला हौदा: वरून चेकर प्लेट मारून भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९१ ची टाटामोबाईल २०६ अंबाजोगाईला घरामागे उभी आहे. इंजिन चालू आहे, पण हौद्याचा तळ गंजून चाळणी झालाय. मिस्त्री म्हणतो, वरून तीन एमएमची चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड लोखंडी पत्रा) मारू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. तुम्हाला गाडी विकायची नाही, जपायची आहे. तर प्लेट मारावी का?

मारू नका. आमच्या आबांनी हेच केलं होतं. ती प्लेट उचकटून काढायला मला दहा वर्षांनी चार दिवस लागले, आणि खाली जे निघालं ते बघून आबा काही न बोलता चहा प्यायला निघून गेले.

आधी एक गोष्ट. तुम्ही गाडीला 'व्हिंटेज' म्हटलंय. प्रेमाने म्हणा, पण आरटीओत तसं म्हणू नका. केंद्राचा २०२१ चा व्हिंटेज वाहनांचा नियम पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी आहे, आणि टाटामोबाईल बाजारातच आली १९८८ ला. नुसती जुनी गाडी म्हणा, हिशेब सोपा राहतो.

आता मुद्दा. आपल्या मराठवाड्यात पाऊस तो किती, मग गंज एवढा कसा, असं सगळ्यांनाच वाटतं. कोकणातल्या गाड्या सडतात, आपल्या कशा सडतील? तर आपल्या गाड्यांना पाऊस खात नाही, खत खातं. डीएपी, युरिया, पोटॅश. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचा सख्खा भाऊ. पोतं फाटतं, मूठभर दाणे तळाच्या सांध्यात जातात आणि तिथेच बसतात. खताचे दाणे हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे वरून हौदा कोरडा ठणठणीत आणि आत सांधा बारा महिने ओला. त्यात बाजाराला शेरडं नेली असतील तर त्यांचं मूत वेगळं. आमच्या गाडीने वीस वर्षं हे सगळं वाहिलं, वर कधीमधी गुळाच्या ढेपा.

म्हणून गंज तळाच्या मधोमध सुरू होत नाही. तळाचा पत्रा ज्या आडव्या चॅनलवर टेकलेला असतो, तिथे पत्रा आणि चॅनल यांच्या मध्ये तो सुरू होतो. लोखंडापेक्षा गंजाला जागा कितीतरी जास्त लागते, त्यामुळे तो आतून फुगतो, पत्रा वर उचलतो, वेल्डिंगचे टाके तोडतो. तुम्हाला वरून भोक दिसतं तेव्हा खालचं चॅनल बहुतेक निम्मं गेलेलं असतं. अशा तळावर नवी प्लेट मारली की दोन पत्र्यांमध्ये आणखी एक ओला सांधा तयार होतो, तोही पूर्ण हौद्याएवढा.

वजनाचंही बघा. सहा बाय पाच फुटांच्या तळाला तीन एमएमची प्लेट म्हणजे पासष्ट किलोच्या वर. तोच तळ १६ गेजचा, म्हणजे १.६ एमएमचा, नवीन घातला तर पस्तीस किलोत होतो. आणि ती पासष्ट किलोची प्लेट उभी कशावर राहणार? सडलेल्या चॅनलवरच.

मला हे परभणीच्या एका म्हाताऱ्या डेंटरचाचांनी शिकवलं. मी वर उभा राहून भोकं मोजत होतो. ते म्हणाले, "उप्पर से नक्को देखो, नीच्चे लेटको देखो." मी पोतं अंथरून खाली शिरलो. त्यांनी हातात छोटी हातोडी दिली आणि चॅनल ठोकत जायला सांगितलं. चांगलं लोखंड 'टण्' वाजतं. सडलेलं 'थप्' वाजतं आणि डोळ्यात माती पडते (चष्मा घाला). जिथे थप् आलं तिथे खडूची खूण. पहिली दोन चॅनल ठीक होती. तिसरं, बरोबर मागच्या चाकांच्या वरचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थप् थप्. कापून उघडलं तर आत खारी बिस्किटासारखे गंजाचे पापुद्रे, एकावर एक, आणि त्यांच्या मधे पोत्याच्या सुतळीचा गोळा अन् खताची पांढरी ढेप. किती वर्षांची कुणास ठाऊक. बोट लावलं तर ओली होती. एप्रिल महिना होता, बाहेर बेचाळीस डिग्री.

तर तुम्ही पहिलं काम हेच करा. खाली झोपा, ठोका, खुणा करा. त्यावरून ठरेल की तुकडे बदलून भागतंय की पूर्ण तळ काढायचा.

पूर्ण काढायचा असेल तर आधी सर्व्हिसिंगवाल्याकडे नेऊन खालून प्रेशरने धुऊन घ्या, एकदा नाही, दोनदा. आतला खताचा क्षार निघाला नाही तर वर कितीही भारी रंग मारा, तो फोड येऊन सुटणार. मग दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या. आपलं ऊन या एका कामाला उपयोगी.

हौदा चासीवरून उतरवला तर काम निम्म्याने सोपं होतं. बोल्ट सुटणार नाहीत, ते धरूनच चाला. रात्रभर डिझेल सोडून ठेवा, नाही सुटले तर कापा, बोल्ट काही महाग नसतात. हौदा जागेवरच ठेवून वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीचं कनेक्शन काढा, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा, ब्रेकच्या नळ्यांवर ओलं गोणपाट टाका, आणि एक माणूस पाण्याची बादली आणि वाळू घेऊन उभा करा. ठिणगी कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो.

आता माझी चूक, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. तळ कापायच्या आधी हौद्याच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन अँगल फुलीसारखे टाके मारून लावायचे असतात. दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आहेत का बघायचं, ते भिंतीवर लिहून ठेवायचं आणि मगच ग्राइंडर हातात घ्यायचा. मी म्हटलं, साईडचे फाळके एवढे मजबूत आहेत, कुठे जातायत. तळ निघाल्याबरोबर दोन्ही बाजू बाहेर झुकल्या. नवीन पत्रा बसवला, रंगही झाला, आणि मागचा फाळका लावायला गेलो तर कडी अर्धा इंच लांब. आबा म्हणाले, "दोरीनं बांध आता." सगळं परत कापलं.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) शीटचा घ्या, तळाला १६ गेज. मूळ तळाला ज्या पन्हळी असतात त्या शोभेच्या नसतात, पत्र्याची ताकद त्यांच्यात असते. सपाट पत्रा टाकला तर तो डब्यासारखा वाजतो आणि पहिल्याच सिमेंटच्या पोत्याने खड्डा पडतो. जुना पत्रा फेकू नका. तोच नमुना म्हणून घेऊन संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत बेंडिंग मशीनवाल्याकडे जा. पन्हळीचं अंतर, खोली, कडेची वळवण, सगळं मोजून तो एका चहाच्या वेळात काढून देतो. गावात हातोड्याने ठोकून पन्हळ काढतो म्हणणारे भेटतात. त्यांचं कौशल्य मानतो, पण पत्रा ताणला जातो आणि कधीच सरळ बसत नाही. जीआय पत्रा घ्यायचा मोह होईल, कारण त्याला जस्ताचा थर असतो. पण वेल्डिंगच्या जागी तो थर घासून काढावा लागतो, नाहीतर धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आणि जिथून थर काढला तिथूनच गंज धरतो. मग उपयोग काय?

वेल्डिंग सीओटूवर, म्हणजे गॅसच्या मिग मशीनवर करून घ्या. साध्या आर्क वेल्डिंगने १६ गेजला भोकं पडतात, मग मिस्त्री ती भोकं बुजवत बसतो आणि पत्रा तापून लाटा येतात. एका दमात लांब वेल्ड ओढू देऊ नका. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मधे पत्रा गार होऊ द्यायचा. मिस्त्री कंटाळेल. "कशाला एवढं करायलात, खालूनच तर आहे," असं आम्हाला रोज ऐकायला मिळालं. चहा पाजायचा आणि शेजारी स्टूल टाकून बसायचं.

सगळ्यात महत्त्वाचं आता. नवीन पत्रा चॅनलवर ठेवायच्या आधी दोन्हींच्या टेकणाऱ्या बाजूंना झिंक प्रायमर मारा. वेल्डिंग झाल्यावर तिथे ब्रश पोचणार नाही. वेल्ड झाल्यानंतर सांध्याच्या कडेने सीलंट ओढा, वरूनही आणि खालूनही. आणि चॅनलच्या सगळ्यात खालच्या बाजूला पाणी जायला भोकं ठेवा. मिस्त्री भोकं बुजवायला बघतो, त्याला वाटतं राहून गेलं.

जो गंज पातळ आहे, पत्रा शाबूत आहे, तिथे कापायची गरज नाही. कप ब्रशने (ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश) सैल गंज काढा, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. बाटलीवर लिहिलंय तेवढंच, जास्त नाही. मी गंमत म्हणून एका कोपऱ्यावर हिरड्याचा काढा लावून पाहिला. आयुर्वेदिक दुकानातून मूठभर हिरडा चूर्ण आणलं, उकळलं, गाळलं, ब्रशने फिरवलं. संध्याकाळपर्यंत तांबडा डाग निळा-काळा झाला. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं, जुनी काळी शाई हिरडा आणि हिराकसाची करायचे ती याच गुणावर. पूर्ण हौद्याला करा असं म्हणणार नाही, पापुद्रे आलेल्या गंजावर तर मुळीच नाही. पण कोपरा अजून काळाच आहे.

फाळक्याच्या कड्या, बिजागऱ्या, साखळ्या नवीन आणू नका, जुन्यांचं लोखंड जाड असतं. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेली वस्तू निगेटिव्हला, सळईचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघांना एकमेकांना लागू न देता रात्रभर. उघड्यावरच करा, त्यातून हायड्रोजन निघतो. सळईऐवजी स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. सकाळी गंजाचा काळा चिखल होतो, तारेच्या ब्रशने निघतो. लगेच पुसून, वाळवून प्रायमर मारा.

रंगाचं थोडक्यात. नुसता रेड ऑक्साईड मारून "दिवाळीनंतर रंग देऊ" असं करू नका, तो पाणी पिऊन घेतो. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. उन्हाळ्यात दुपारी रंग मारला तर पत्रा तव्यासारखा तापलेला असतो, रंग उडतानाच वाळतो आणि खरखरीत बसतो, म्हणून सकाळी आठ-नऊच्या आत उरका. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका, घासलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो. तळाला लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरू देऊ नका. लांबी साईडला, तीही दोन-तीन एमएमपर्यंत. तळावर पोतं आपटलं की ती तडकते आणि तडीत पाणी शिरतं.

खालून जळकं ऑईल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. धूळ धरतं, ब्रेकच्या रबरी नळ्या फुगवतं, आणि दोन पावसांत धुऊन जातं. त्यापेक्षा बंद चॅनलच्या आत नळीने मेण फवारून घ्या, मोठ्या शहरातले अंडरकोटिंगवाले करून देतात.

उंच फाळके लावायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा, तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल धरला जातो. तेवढ्याच मापाचा तळ बदलणं ही नुसती दुरुस्ती.

आतून रबरी मॅट अंथरू नका, खाली ओल कोंडते. बाभळीच्या पट्ट्या टाका, उचलता येतील अशा. खत वाहिलं तर त्याच दिवशी धुवा.

आता तुम्ही खाली शिरून फोटो काढा आणि इथे टाका. मागच्या चाकांच्या वरचं चॅनल दोन्ही टोकांकडून, आणि फाळक्याच्या बिजागरीखालचा कोपरा. वरचे फोटो नकोत.