सहीपुरती नोकरी

प्रश्न : माझी मुलगी वडोदऱ्यात बी.एससी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क 61 टक्के. सुट्टीत तिने एका केमिकल कंपनीत ट्रेनिंग केलं. मालक माझ्या ओळखीचे आहेत आणि तिला पर्यावरण विभागात लगेच घ्यायला तयार आहेत. काम सोपं आहे, रोजचं रजिस्टर भरायचं आणि सही करायची. पण ती एम.एससी.चा हट्ट धरून बसली आहे. एवढ्या मार्कांत चालून आलेली नोकरी नाकारू नये, हे तुम्ही तिला समजवा. – एक पालक, दांडिया बाजार

(पत्राखाली मुलीच्या अक्षरात : "ट्रेनिंगमध्ये सांडपाण्याचा सीओडी 410 आला होता. रजिस्टरात 240 लिहायला लावलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, सगळीकडे असंच चालतं.")

उत्तर : नमस्कार. 61 टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. तुमच्या मुलीने खाली लिहिलेल्या चार ओळींची वाटली, आणि त्यातही शेवटच्या ओळीची.

आधी तिने काय केलं ते समजून घ्या. सीओडी काढायचा म्हणजे नमुना डायक्रोमेट आणि आम्लासोबत दोन तास उकळायचा, गार करायचा आणि मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत टायट्रेशन करायचं. निळसर हिरवा रंग एका थेंबासरशी विटकरी होतो आणि तिथेच हात थांबावा लागतो. पाण्यातली सेंद्रिय घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल, ते यातून कळतं. तुमच्या मुलीने हे सगळं नीट केलं आणि लिटरला 410 मिलिग्रॅम असं उत्तर काढलं. सर्वसाधारण मर्यादा 250 ची. 240 हा आकडा कुठल्याही ब्युरेटमधून आलेला नाही. 250 मधून थोडे वजा करून तो कुणीतरी टेबलावर बसून ठरवला.

असे आकडे ओळखू येतात. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच गुजरातेत, अहमदाबाद आणि सुरतच्या कारखान्यांवर एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले. कारखाना स्वतःच प्रदूषण तपासणारा ऑडिटर निवडून त्याला पैसे देत होता, तिथे अहवालातले आकडे मर्यादेच्या जेमतेम खाली दाटीवाटीने बसलेले सापडले. मग ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखे नेमले, त्यांचे पैसे एका सामायिक निधीतून दिले आणि काही मोजमापं दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतली. अहवाल खरे यायला लागले आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. म्हणजे सगळीकडे असंच चालतं, हे तुमचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. पण ते बदलतं, आणि खरा आकडा लिहिणारी माणसं असली की बदलतं. तुमची मुलगी अशांपैकी आहे. तिला घरातूनच गप्प बसवलं, तर बाहेर कुणी वेगळं काही करण्याची गरजच उरणार नाही.

आता तुमचा मोठा गैरसमज. 'फक्त सही करायची' हे काम सोपं नाही, या धंद्यातलं ते सगळ्यात जोखमीचं काम आहे. गुजरातेत कारखान्याला जल कायदा, वायू कायदा आणि घातक कचऱ्याचे नियम यांची मिळून एकच परवानगी मिळते, तिला सीसीए म्हणतात. पाणी किती आणि कुठे सोडायचं, चिमणीतून धूळ किती चालेल, गाळ किती आणि कुठल्या साइटवर पाठवायचा, सगळं त्यात आकड्यांनी बांधलेलं असतं. तपासणीला आलेला जाणता अधिकारी रजिस्टरातला सीओडी शेवटी बघतो. आधी ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, वेगळा वीज मीटर बघतो, कारण पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर दिवसभर चालले असतील तर तेवढी युनिटं पडलेली हवीत. मग पाण्यात टाकायच्या चुन्याची खरेदी किती, त्यातून गाळ किती निघायला हवा होता आणि गाळाच्या मॅनिफेस्टवर, म्हणजे वाहतुकीच्या नोंदपत्रावर, किती टन गेले, हे ताडून बघतो. हे कागद एकमेकांशी जुळले नाहीत, की खालची सही कुणाची हा प्रश्न येतो. खोटी माहिती देणं 1974 च्या मूळ जल कायद्यापासूनच दंडनीय आहे, आणि गुन्हा कंपनीचा असला तरी त्या कामाची जबाबदारी असलेल्या माणसाला धरता येतं. त्या दिवशी मालक तुमच्या ओळखीचे राहणार नाहीत.

आणि ते पाणी जातं कुठे? वडोदऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी 1983 पासून सुमारे 55 किलोमीटरच्या चॅनलने पादरा, जंबुसर तालुक्यांतून महीच्या मुखाकडे नेलं जातं. रजिस्टरात 240 लिहिलं म्हणून पाण्यातला 410 कमी होत नाही. चॅनलच्या कडेला ज्यांची शेतं आहेत, त्यांच्या विहिरींशी त्याचा संबंध आहे.

आता मुलीशी बोलतो. बाळ, एम.एससी. जरूर कर. सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्राचं आहेच. अॅनालिटिकल केमिस्ट्रीकडे कल ठेव. प्रदूषण नियंत्रण मंडळातली अभियंत्यांची पदं इंजिनिअरिंगवाल्यांना असतात, वैज्ञानिक सहायकासारखी पदं विज्ञान पदवीधरांना. जाहिरात निघाली की फॉर्म भर, पण तिची वाट बघत वर्षं घालवू नकोस. मान्यताप्राप्त खाजगी लॅब, सामायिक ईटीपी आणि पर्यावरण ऑडिट करणाऱ्या संस्था, इथे शिकायला जास्त मिळतं.

पाण्याचं तुला जमतंय, आता हवेचं शीक. चिमणीच्या प्लॅटफॉर्मवर चढून धुळीचा नमुना घेताना नॉझलमधून ओढलेल्या हवेचा वेग धुराच्या वेगाएवढाच ठेवावा लागतो. पंप जास्त वेगाने चालवला तर जड कण नॉझलला चुकवून पुढे निघून जातात आणि धूळ खरी असते त्यापेक्षा कमी दिसते. ही गोष्ट जिला हाताने कळली आहे, तिला पुढे कुणी खोटा अहवाल खपवू शकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये 17 प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना प्रदूषण सतत मोजणारे ऑनलाइन मीटर लावायला सांगितले. त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर बरोबर दाखवतो ना ते तपासून जुळवणं, नीट करणारी माणसं हवी असतात. तेही शिकून घे.

मुलाखतीला जाशील तिथे विचार, की मर्यादेपेक्षा जास्त आकडा आला तर तुमच्याकडे पुढे काय करतात? फेरनमुना, ईटीपीची दुरुस्ती, मंडळाला कळवणं असं उत्तर आलं तर तिथे काम करण्याजोगं आहे. समोरचा नुसता हसला, तर उठून ये.

आणि बाबा, ओळख तुमची आहे, तेव्हा त्या कंपनीला नकार तुम्हीच कळवा. तिला कळवायला लावू नका.