तांब्याच्या टेलिंग्जवर जिवाणू सोडण्याआधी

टेलिंग्ज म्हणजे खनिजातून धातू काढल्यावर उरलेला बारीक चुरा; त्यातलं उरलंसुरलं तांबं जिवाणूंकरवी आम्लात विरघळवायचं आहे. जिवाणूंचं कल्चर (वाढवलेला साठा) कुठून आणायचं हे नंतर बघू. आधी चिमूटभर टेलिंग्जवर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसलं की समजा, कार्बोनेट आहे. ते तुमचं बरंच आम्ल गिळणार. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या जिवाणूला पीएच 2 च्या आसपास आणि 30 अंश सेल्सिअस मानवतं. पीएच वर सरकला तर जॅरोसाइटचा (लोहाच्या एका सल्फेट खनिजाचा) पिवळा थर कणांवर बसतो आणि काम मंदावतं. फ्लास्कमधलं फिकट हिरवं पाणी लालसर तपकिरी झालं म्हणजे विरघळलेल्या फेरस लोहाचं फेरिक (जास्त ऑक्सिडाइझ झालेलं) लोह होतंय. सल्फाइड, म्हणजे तांबं-गंधकाचं खनिज, फोडतं ते हेच फेरिक. शेजारी जिवाणूविना एक फ्लास्क ठेवाच, नाहीतर नुसत्या आम्लाने सुटलेलं तांबंही जिवाणूंच्या खात्यावर मांडाल. चाल्कोपायराइट (तांबं, लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर मात्र धीर धरा, भलतं चिवट प्रकरण आहे.