जपानी शिकायला निघालीस, तर एवढं ऐक

रत्नागिरीहून पुण्याला चाललीस, छान; पण जपानीसाठी बीकॉम सोडायचं म्हणतेस, ते काही पटत नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, तिथले प्रमाणपत्राचे वर्ग पदवी सांभाळून करता येतात. पण नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल या भ्रमात राहू नकोस. कंपन्या जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची, पातळी विचारतात; एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. एन५, एन४ म्हणजे तोंडओळख. भाषांतराच्या कामाला बहुतेक ठिकाणी निदान एन२ लागते. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. गंमत म्हणजे त्यात बोलण्याची परीक्षाच नाही! मग एन२ झालेली मंडळीही फोनवर जपानी माणूस आला की त-त-प-प करतात. पहिल्या दिवसापासून बोल, चुकलं तरी. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्रलिपीची अक्षरं, मात्र वहीत, हातानेच गिरव.

आणि भाषेसोबत एखादा विषय पक्का हवा. तुमची हापूसची बाग आहे ना? जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं, पण फळमाशीच्या धास्तीने व्हेपर हीट ट्रीटमेंटशिवाय, म्हणजे गरम वाफेची प्रक्रिया केल्याशिवाय, फळ घेत नाहीत. फळाच्या गाभ्यापर्यंत किती तापमान, किती वेळ, पेटीवर काय छापायचं, हे खरेदीदाराला जपानीत समजावता आलं तर तुला कोण विचारणार नाही? म्हणून बीकॉम सोडायचा विचार आधी डोक्यातून काढ.