पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम: व्हिसा कुणाकडे मागायचा?

आई-बाबांना घेऊन मे महिन्यात पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम करायचंय, तर व्हिसे तीन लागतील का आणि अर्ज कुठे करायचा, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा एकच, शेंगेनचा. शेंगेन म्हणजे युरोपातल्या 29 देशांचा गट, त्या सगळ्यांत तो चालतो. (लंडन त्यात नाही. 'एवढं आलोच आहोत तर' म्हणत कुणीतरी ते जोडायला निघेलच, पण त्याचा व्हिसा वेगळा.)

अर्ज कुणाकडे, ते मुक्कामावरून ठरतं. स्वित्झर्लंडला पाच रात्री आणि बाकी दोन्हीकडे कमी, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे, मग विमान रोमला का उतरेना. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तो देश. 'अमका देश पटकन देतो, तिथलं हॉटेल दाखवा, नंतर रद्द करा' असा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. उतरल्यावर बुकिंग विचारलं आणि गोष्ट जुळली नाही, तर आई-बाबांसकट तिथूनच परत यावं लागू शकतं.

फी मोठ्यांना 90 युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. विमा किमान 30,000 युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. मेमध्ये अख्खा महाराष्ट्र निघतो, तेव्हा अपॉइंटमेंट फेब्रुवारीतच पकडा. बोटांचे ठसे द्यायला आई-बाबांनाही जावं लागेल.

खरी गोची बँक स्टेटमेंटची. पेन्शन तोकडी वाटते म्हणून त्यांच्या खात्यात घाईघाईने दोन-तीन लाख टाकू नका. अर्जाच्या आठवडाभर आधी आलेली रक्कम लगेच डोळ्यांत भरते. त्यापेक्षा खर्च मी करतोय असं सरळ पत्र द्या, सोबत तुमचं स्टेटमेंट, आयटीआर, पगाराच्या स्लिपा. नातं दाखवायला तुमच्या पासपोर्टचं शेवटचं पान कामाला येतं, त्यावर आई-वडिलांची नावं असतात. तिथे 'सुमन' आणि आईच्या पासपोर्टवर 'सुमनबाई' असला घोळ नाही ना, ते आजच बघा.

व्हिसा आला की स्टिकरवरच्या तारखांखाली दिवसांचा आकडाही वाचा. मुदत महिनाभराची दिसली तरी आत राहायचे दिवस त्या आकड्याएवढेच, आणि त्यात उतरण्याचा व निघण्याचा दिवसही धरतात.