सातवीत लैंगिक शिक्षण द्यावं का? ठाण्यातल्या आमच्या पालकसभेत कडाडून विरोध झाला.

द्यावंच, आणि सातवीपर्यंत थांबूही नये. युनेस्कोच्या २०१८च्या मार्गदर्शिकेत सुरुवात पाचव्या वर्षापासून आहे. त्या वयात अवयवांची खरी नावं, नकोशा स्पर्शाला नाही म्हणणं, अशा साध्या गोष्टी. बऱ्याच मुलींना पाळी अकरा-बाराव्या वर्षी येते; ती काय असते हे त्याआधी त्यांना कळायला हवं, आणि मुलग्यांनाही. फक्त मुलींना बाजूला नेऊन कुजबुजत सांगणं मला अजिबात पटत नाही. घोडबंदरच्या टॉवरमधलं मूल असो की कळव्याच्या चाळीतलं, मोबाईलवर पॉर्न दोघांनाही सहज मिळतं, तेही संमतीबद्दल अवाक्षर न सांगता. समलिंगी, ट्रान्सजेंडर, अपंग मुलंही त्याच वर्गात बसतात, त्यांना वगळू नका. पुढच्या सभेत अभ्यासक्रम लेखी मागा. संकटातल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर प्रत्येक वर्गात लावायला सांगा.