रोजची गाडी आणि अधूनमधून ट्रॅक: दोन्हींना चालतील असे टायर कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी एकच, रोज कामावर नेता, वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचे दिवस) करता, आताचे टायर संपत आलेत आणि ट्रॅकवर भेटणारा प्रत्येक जण 'सेमी-स्लिकच घे' म्हणून मागे लागलाय. घ्यावेत का हे कमी खाचांचे, फार चिकट टायर?

नका घेऊ. निदान या वेळी तरी नको. ट्रेडवेअर (टायर किती टिकेल ते सांगणारा, त्याच्यावर छापलेला आकडा) ३००च्या आसपासचा चांगला समर परफॉर्मन्स टायर घ्या, मूळ मापातच घ्या आणि वाचलेल्या पैशांत ब्रेक फ्लुइड आणि पॅड बदलून टाका. उत्तर इथेच संपवता आलं असतं, पण मी स्वतः याच्या बरोबर उलट करून बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या तिसऱ्या ट्रॅक डेच्या आधी मी असाच एक चिकट, २०० आकड्याचा सेट बसवला. पहिल्या दोन लॅपला वाटलं, आपल्याला एकदम गाडी चालवता यायला लागली. ज्या वळणाला जीव मुठीत धरून ब्रेक मारायचो, तिथे गाडी रुळावरून गेल्यासारखी जायला लागली. पाचव्या लॅपला मात्र स्टिअरिंग कितीही वळवलं तरी नाक आत येईना. टायर पोळले होते. दिवसभर तोच खेळ: तीन लॅप मजा, मग टायर निववायला एक लॅप. आणखी दोन ट्रॅक डे आणि मधला रोजचा प्रवास होईपर्यंत खाचांची खोली ३ मिमीवर आली. अशाच एका संध्याकाळी परत येताना पाऊस लागला. ताशी ८०चा वेग असेल, काही फार नाही. चाकोरीत साचलेल्या पाण्यावर स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं, जणू त्याला खाली काही जोडलेलंच नाही. इंजिनचा आवाज क्षणभर चढला, कारण पुढची चाकं पाण्यावर तरंगत मोकळीच फिरत होती. ब्रेकला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटर हळूच सोडला, चाकांनी पुन्हा जमीन धरली. तिथून घरापर्यंत पन्नासने, एका ट्रकच्या मागे मागे आलो.

तेव्हापासून माझा हिशेब उलटा झाला. टायर ट्रॅकवर किती पळतो हे मी नंतर बघतो. ओल्या रस्त्यावर, थंडीत, दमलेला माणूस गाडी चालवत असताना तो कसा वागतो ते आधी. ट्रॅकवर टायर कमी पडला तर लॅप दोन सेकंदांनी लांबेल. तिथे बाजूला मोकळी जागा असते, झेंडे घेऊन मार्शल उभे असतात आणि समोरून कोणी येत नाही. रस्त्यावर यातलं काहीच नसतं.

आता त्या ट्रेडवेअरच्या आकड्याबद्दल, कारण सगळ्या चर्चा तिथेच अडकतात. ही अमेरिकेतली पद्धत आहे. संदर्भाचा टायर म्हणजे १००, त्याच्या तुलनेत तुमचा टायर किती झिजतो ते ठरलेल्या मार्गावर सुमारे ११,५०० किलोमीटर गाड्या पळवून बघतात. म्हणजे कागदावर ३००चा टायर १००च्या तिप्पट टिकतो. पण आकडा छापते कंपनी स्वतः, त्यामुळे एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे २०० यांची तुलना करून हाती फारसं काही लागत नाही. शिवाय हा आकडा झिजेचा आहे, ग्रिपचा नाही. त्यात अमेरिकेतल्या ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत कोन मांडून लावलेल्या वेळेच्या शर्यती) स्पर्धांत रस्त्याच्या वर्गासाठी 'किमान २००' ही अट आली आणि कंपन्यांनी जमेल तितका चिकट टायर बनवून त्यावर २०० छापायला सुरुवात केली. नियमात बसवण्यासाठी छापलेला आकडा, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच २००च्या एकाच गटात दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे टायर सापडतात. योकोहामाचा ॲडव्हान ए०५२ किंवा ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-७१आरएस पटकन गरम होतात, एक-दोन लॅप झकास देतात. वजनदार गाडीवर सलग वीस मिनिटं ताणले की थकतात. हॅन्कूकचा व्हेंटस आरएस४ सुरुवातीला जरा मंद, पण लांब सेशनमध्ये तग धरून राहतो. मात्र ओल्या रस्त्यावर त्याचं मन रमत नाही. टोयोचा आर८८८आर तर १००चाच, तो ट्रॅकचाच टायर, रस्त्यावर चालवायची परवानगी असलेला. दुसऱ्या टोकाला मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४एस, आकडा ३००. ट्रॅकवर तो वरच्या सगळ्यांपेक्षा हळू, पण पावसाच्या रस्त्यावर जास्त भरवशाचा. मी तुम्हाला ज्या गटाबद्दल सांगतोय तो हा. नेमकी कंपनी कुठली, हे तुमच्या मापात काय मिळतं त्यावर सोडा.

एक समर्थन नेहमी ऐकू येतं: 'नवे असतील तर सेमी-स्लिकसुद्धा पावसात चालतात.' खरं आहे. पण नव्या टायरला ट्रॅकवर वेगळंच दुखणं असतं. शाळेतला नवा, लांब खोडरबर आठवा. टोकाला धरून जोरात घासला की तो वाकतो, गरम होतो आणि त्याचे तुकडे पडतात. झिजून बुटका झालेला खोडरबर मात्र घट्ट बसून काम करतो. टायरच्या खाचांमधल्या रबरी ठोकळ्यांचं अगदी तसंच आहे. नव्या परफॉर्मन्स टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात, कॉर्नरमध्ये ते उंच ठोकळे आडवे वाकत राहतात, आतून तापतात आणि कडेचे लचके निघतात. काही रेसर तर नवे टायर मुद्दाम तासून घेतात. म्हणजे कोरड्या ट्रॅकला जो टायर सगळ्यात चांगला, तो अर्धा झिजलेला. आणि पावसाच्या रस्त्याला तोच सगळ्यात वाईट. एका म्यानात दोन तलवारी बसत नाहीत त्या इथे. तडजोड करायचीच तर ती ट्रॅकवरच्या वेगात करा, रस्त्यावरच्या पकडीत नको. आणि कुठलाही नवा सेट थेट ट्रॅकवर नेऊ नका, तीन-चारशे किलोमीटर रस्त्यावर चालू द्या.

थंडीचंही सांगून टाकतो. समर टायरचं कंपाउंड (रबराचं मिश्रण) साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. फार चिकट टायर गोठणबिंदूच्या आसपास नुसते हलवले तरी ट्रेडला भेगा जाऊ शकतात. कंपन्या तसा इशाराही देतात. तुमच्याकडे कडक हिवाळा असेल तर त्यासाठी टायरच वेगळे लागतील.

आता हवा. टायर निवडायला लोक महिना घालवतात आणि हवा मात्र दारावरच्या स्टिकरवर बघून भरतात. टायरचं तापमान साधारण साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की हवा एक पीएसआयने चढते. थंड असताना ३२ ठेवली तर चार-पाच जोरदार लॅपनंतर ३८-४० सहज दिसते. टायर मधून फुगतो, टेकणारी जागा कमी होते, गाडी साबणावर चालल्यासारखी वाटते. पोळलेला टायर आणि फुगलेला टायर सीटवरून सारखाच जाणवतो, त्यामुळे आधी हवा मोजा आणि मगच टायरला शिव्या द्या. पिटमध्ये आलात की मिनिटभरात चारही टायर मोजून वहीत लिहा, गरम असतानाच जादा हवा काढा. किती काढायची? साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूला, बऱ्याच टायरांना छोटा त्रिकोण असतो. घासल्याची खूण त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत आली पाहिजे. त्याच्याही खाली उतरली तर टायर लोळतोय, हवा कमी आहे. टोकापासून बरीच वर थांबली तर जास्त आहे. त्रिकोण नसेल तर टायरच्या खांद्यावर (ट्रेड संपून बाजू सुरू होते त्या कडेवर) खडूने जाड रेघ ओढा आणि लॅपनंतर किती पुसली ते बघा.

आणि निघण्यापूर्वी हवा परत भरा. हे वेगळं लिहितोय, कारण मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये गेज लावलं तर २५. गरम असताना काढलेली हवा रात्री निवल्यावर हिशेब मागतेच.

तुमच्या टायरची खरी वाट लावणारी गोष्ट मात्र बहुधा कॅम्बर असेल, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल; वरची बाजू आत झुकलेली तर निगेटिव्ह. रोजच्या गाड्यांना पुढच्या चाकांना जेमतेम अर्धा-एक अंश निगेटिव्ह कॅम्बर असतो. कॉर्नरमध्ये गाडी कलते आणि बाहेरच्या चाकाचा सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. माझ्या त्या चिकट सेटमधला पुढचा डावा टायर मधे अर्धा शिल्लक होता आणि बाहेरच्या खांद्याला टक्कल पडलं होतं. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा, बहुतेक वळणं उजवी, म्हणजे मार खाणार डावाच. अलाइनमेंटमध्ये दोन अंशांच्या आसपास जाता आलं तर टायरचं आयुष्य बरंच वाढतं. रस्त्यावर आतली कड झिजेल अशी भीती घालतात, पण ती कड कॅम्बरपेक्षा चुकीचा टो (वरून पाहताना चाकं आत की बाहेर वळलेली ते) जास्त खातो. टो नीट ठेवा.

ब्रेकचं का म्हणालो? टायर जितका चिकट तितका उशिरा आणि जोरात ब्रेक मारता येतो आणि ती सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि फ्लुइडमध्ये जाते. मानकाप्रमाणे डॉट ४ फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं. ओल शोषून जुनं झालं की ही मर्यादा १५५पर्यंत खाली येते. दोन-तीन वर्षांपूर्वी भरलेल्या फ्लुइडवर सेमी-स्लिक बसवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पेडल जमिनीला टेकलं की टायर कुठलाही असला तरी तो काही करू शकत नाही.

शिकण्याचाही एक मुद्दा आहे. ३००च्या गटातला टायर सुटण्याआधी बोलतो. आधी किंचित कुरकुर, मग लांब रडका आवाज, मग हळूहळू घसरतो. तेवढ्या वेळात हात सुधारता येतो. फार चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा वेगही जास्त असतो. त्या सेटवर माझी लॅप वेगवान झाली, पण माझ्या चुका त्याने झाकून ठेवल्या. परत साध्या टायरवर आलो तेव्हा त्या दिसल्या.

बाकी किरकोळ. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग झेपतो) मूळपेक्षा कमी नको. रिमला न झेपणारा रुंद टायर नको. चारही सारखेच. आणि घेताना साइडवॉलवरचा शेवटचा चार अंकी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. चिकट टायर गोदामात पडून कडक होतात, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मालामागचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

वर्षाला चार-पाच ट्रॅक डेच्या पुढे गेलात तर तडजोड सोडा आणि दुसरी चार रिम घ्या. चिकट टायर तिथे चढवा, ट्रॅकवर पोचून चाकं बदला, पहिल्या सेशननंतर टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासा. तोवर एक सोपी युक्ती: आज घ्याल तो सेट ३ मिमीवर आला की रस्त्यावरून काढा, पण फेकू नका. टायर म्हातारा झालेला नसेल, नुसता झिजलेला असेल, कुठे फुगवटा वा भेग नसेल, तर बुटक्या खोडरबरासारखा तो कोरड्या ट्रॅकवर एखादा दिवस छान जातो. फक्त तो गाडीच्या मागच्या सीटवर टाकून न्यायचा आणि तसाच परत आणायचा.